गाणे केवळ चालीवर गाजत नाही

संपादक महोदय,

चाल उत्तम म्हणून नाट्यपदे टिकली, असा आपल्या पुरवणीतल्या लेखाचा सूर होता. चाल हवीच. पण ती कुणाच्या गळ्यासाठी आणि किती वेळात बसवायची होती, हेही पाहावे लागते.

जुने संगीत नाटक रात्रभर चाले. ध्वनिवर्धक नसल्याने वरच्या पट्टीत, खुल्या आवाजात गावे लागे. वन्समोअर मिळाला की तेच पद नव्या तानांनी पुन्हा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर मात्र जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. मग आलाप गेला. थेट मुखडा, अंतरा, दोन-चार ताना, संपले! घरोघर पाठ झाले ते हेच कापलेले रूप.

दि गोवा हिंदू असोसिएशनने १९६४ साली रंगभूमीवर आणलेले ‘मत्स्यगंधा’ घ्या. रात्र जागवणारा प्रेक्षक तोवर उरला नव्हता. मंगेशीच्या संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी पदे आटोपशीर बांधली, प्रसंग अडू नये अशी. त्यात गाणाऱ्या रामदास कामतांचा फिरता गळा वेगळा, आशालता वाबगांवकरांचा वेगळा. पदे त्या त्या गळ्याची झाली. पुढे आकाशवाणीने ती नाटक न पाहिलेल्यांपर्यंत नेली.

आपल्याकडच्या नाट्यगीत स्पर्धांत याचाच विसर पडतो. सात मिनिटांतली दोन आलापात जातात आणि अंतऱ्याला हात घातला की घंटा. पद कुठल्या प्रसंगातले हे ठाऊक नसते, म्हणून चिडलेल्या पात्राचे पदही लाडिकपणे आळवले जाते. जुनी तबकडी ऐकून पट्टी ठरवणे तर धोक्याचेच. तेव्हा फेऱ्या नेमक्या ७८ असतच असे नाही. ७८ चे ध्वनिमुद्रण ८२-८३ फेऱ्यांनी वाजवले तर पट्टी अर्ध्या स्वराने चढते. मुली बिचाऱ्या त्या चढलेल्या षड्जावर (‘सा’वर) ताणून गातात आणि तारसप्तकात शब्द गिळतात. श्रावणातल्या दमट हवेत देवळाच्या मंडपात तबलाही उतरतो. तो पडद्याआड लावून ठेवावा. मंचावरची हातोडीची ठोकाठोक स्पर्धकाच्या वेळेतून जाते.

आयोजकांनी नियमांत एवढे घालावे: आलाप अर्ध्या मिनिटाच्या आत, आणि गाण्यापूर्वी नाटक, पात्र व प्रसंग एका वाक्यात सांगणे बंधनकारक. परीक्षकांनी त्याला गुणही द्यावेत.

– नाट्यसंगीताचे काही अभ्यासक, फोंडा