मंत्रिमहोदय, हे नववीत सांगायला हवं होतं

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, वल्लभ भवन, भोपाळ

सादर नमस्कार.

अकरावीला काय घ्यावं हे मुलांना शाळेत वेळेवर कुणी सांगत नाही, त्याबद्दल हे पत्र. हेच हिंदीत टाइप करून आपल्या कार्यालयाला स्पीड पोस्टानं पाठवलं आहे. इथे मराठीत मांडतोय ते इंदूरच्या मराठी पालकांसाठी. कारण यातली निम्मी चूक आपल्या खात्याची असली, तरी बाकीची आमच्या घरांतली आहे, आणि थोडी माझीही.

रामबागेच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. समग्र आयडी (आमच्या राज्यातला रहिवाशांचा सरकारी नंबर), मूळ निवासी, जातीचा दाखला, स्कॉलरशिप, कॉलेजचे प्रवेश, सगळं. मे महिन्यात निकाल लागला की दुकानाबाहेर चपलांचा ढीग होतो. मार्कशीटची झेरॉक्स निघेपर्यंत पालक विचारतात, "भिया, याला काय घ्यावं अकरावीला?" मागे गर्दी असते, प्रिंटर गरम झालेला असतो, आणि मी सांगून टाकतो. मी बी.कॉम. आहे. मला हे विचारायला नको आणि मी ते सांगायला नको. पण शाळेत कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून पाळी माझ्यावर येते.

तीनेक वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. नंबर येईपर्यंत तिनं रद्दीतल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर माझ्या दुकानाचा नकाशा काढला. काउंटर, प्रिंटर, माझं स्टूल, शिवाय दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारी पाव गोलाची रेघसुद्धा. ही रेघ कुठे शिकलीस विचारलं, तर म्हणाली, बिल्डर लोक फ्लॅटची पत्रकं वाटतात ना, त्यात असते. वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "हात छान आहे, आर्ट्सला घाला." गणितात तिला ८१ होते. मी ते पाहिले होते, झेरॉक्स मीच काढली होती. तो नकाशा मला आवडला म्हणून काउंटरच्या काचेखाली ठेवून दिला.

दोन वर्षांनी ती आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला आली. पात्रतेच्या पानावर लिहिलं होतं, बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. तिनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "काका, गणित आता घेता येतं का?" काचेखालचा तो कागद मी त्याच संध्याकाळी काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

नंतर शोधाशोध केली तेव्हा कळलं की एक आडवळण होतं. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, त्यात गणित असेल तर त्यावरूनही आर्किटेक्चरला जाता येतं. पण त्यासाठी तिला पुन्हा दहावीच्या पायरीवर येऊन उभं राहावं लागलं असतं. वडील म्हणाले, झालं ते झालं. ती आता बी.ए.ला आहे.

साहेब, शाळांत करिअर मार्गदर्शन होतच नाही असं मी म्हणणार नाही. होतं, आणि कसं होतं तेही सांगतो. माझा मुलगा दहावीला असताना त्याच्या शाळेत एका कोचिंगवाल्यांचा 'करिअर सेमिनार' झाला. प्रोजेक्टरवर टॉपरांचे फोटो, प्रत्येकाला एक पेन, आणि शेवटी एक कार्ड, ज्यावर नाव आणि वडिलांचा मोबाइल नंबर लिहून द्यायचा. पुढचे तीन महिने मला फोन येत होते. दुकान मांडून बसलेल्याला मार्गदर्शक म्हणायचं असेल तर मग मी काय वाईट? केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी नियमावली काढली, तिच्यात सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. प्रवेश द्यायचा नाही, मग शाळेत शिरून पंधरा वर्षांच्या पोरांचे नंबर गोळा करायला मोकळीक कशी?

पोर्टलांचंही बघा. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे. माहिती वाईट नसते. पण मोबाइल घरात एकच, तो वडिलांबरोबर कामावर जातो, आणि मुलाला मुळात काय शोधायचं तेच ठाऊक नसतं. ज्याला 'रेडिओग्राफर' हा शब्दच माहीत नाही तो तो शब्द सर्चमध्ये टाकणार कसा? आमच्याकडची मुलं रोज एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलवरून जातात. त्यांना विचारा आत कोण काम करतं, तर डॉक्टर आणि नर्स, बस. एक्स-रे काढणारा, रक्त तपासणारा, औषधांचा साठा सांभाळणारा, ऑपरेशनच्या खोलीत यंत्रं लावणारा, ही माणसं त्यांना दिसतच नाहीत.

हीच गत कारखान्यांची. शेजारच्या धार जिल्ह्यात पिथमपूरची औद्योगिक वसाहत आहे, रोज पहाटे इथून बसेस भरून जातात. सांवेर रोडवर इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे दहावी पास मुलाला टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे कारखान्यांची हत्यारं आणि साचे बनवण्याचा डिप्लोमा करता येतो. माझ्या दुकानात येणाऱ्या दहा पालकांपैकी नऊ जणांनी हे नाव ऐकलेलं नसतं. आयटीआय म्हटलं की आमचे मराठी बाप तोंड वाकडं करतात. त्यांच्या वडिलांनी मिलमध्ये पाळ्या केल्या, मिल बंद पडल्यावर काय झालं तेही पाहिलं, त्यामुळे मुलाच्या हाताला तेल लागू नये असं त्यांना वाटतं. मला ते समजतं. पण आयटीआयवरून पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे त्यांना कुणी समोर बसवून सांगितलेलं नाही.

आता मागणं. शाळेतल्या एका शिक्षकाला हे काम द्या, खरंच द्या, म्हणजे आठवड्यातले दोन तास त्याच्या वेळापत्रकात छापून द्या आणि त्या तासांना त्याला मतदार यादीच्या कामाला पाठवू नका. आणि सुरुवात नववीत करा. दहावीच्या निकालानंतरचं मार्गदर्शन म्हणजे वरातीमागून घोडं. नववीत मुलगा गणिताला घाबरत असेल तर त्याला सावरायला वर्ष दीड वर्ष हातात असतं. मेमध्ये फक्त माझं काउंटर असतं.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या निमित्तानं सांगितलं आहे की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. तो माणूस आणि हा शिक्षक एकाच खोलीत बसले तरी पुष्कळ होईल. मॅथ्स की बायो यावरून घरात महिनाभर अबोला धरलेली पोरं मी पाहिली आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या हाताखाली शिकण्यासाठी. ते दहा दिवस आमच्या गावात रांगोळी स्पर्धेत घालवू नका. चोइथराम भाजी मंडीत पहाटे पाचला न्या, भाव कसा फुटतो ते बघू द्या. टूल रूम दाखवा. एमवायची प्रयोगशाळा दाखवा. होळकर कॉलेजात १८९१ पासून शिक्षण चाललंय, तिथल्या प्रयोगशाळेत एखादी दुपार बसू द्या.

शेवटचं काम माझं मीच केलं आहे. एका कागदावर लिहून काढलं की अकरावीला काय सोडलं तर पुढचं काय बंद होतं. गणित सोडलं तर आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंगच्या बहुतेक जागा जातात. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, लष्करासाठी कुठलीही शाखा चालते, पण हवाई दल आणि नौदलाला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. मुलींनाही एनडीए खुली आहे, पहिली तुकडी २०२२ ला आत गेली, हे वेगळ्या ओळीत लिहिलं, कारण आया विचारतात. बायो नसेल तर 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा नाही, म्हणजे एमबीबीएस, बीडीएस आणि बीएएमएसही नाही. मात्र बारावीनंतर बायो वेगळा विषय म्हणून पास करून नीटला बसता येतं, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२३ च्या अखेरीस मान्य केलं. बी.फार्म.ला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायो, काहीही चालतं. सीए, वकिली, हॉटेल मॅनेजमेंट यांना शाखेची अट नाही.

हा कागद दुकानात लावला आहे. जवळच्या एका शाळेच्या बाईंनी त्याच्या दहा प्रती नेल्या, मी पैसे घेतले नाहीत. पण नियम दरवर्षी बदलतात आणि मी झेरॉक्सवाला आहे. यातली एखादी ओळ पुढच्या वर्षी चुकीची ठरली तर पुन्हा कुणाची तरी दोन वर्षं जातील. शिवाय नकाशा काढणाऱ्या त्या मुलीचा धाकटा भाऊ आता नववीत आहे, परवा वडील त्याला घेऊन आले होते आणि कागदाचा मोबाइलवर फोटो काढून गेले.

तो कागद हिंदी पत्रासोबत जोडला आहे. आपल्या खात्यातल्या जाणकार अधिकाऱ्याकडून तपासून, दुरुस्त करून, सही-शिक्क्यानिशी परत पाठवावा ही विनंती. शिक्का असला म्हणजे शाळावाले तो नोटीस बोर्डावर लावतात.

आपला,
एक फॉर्म भरणारा
रामबाग परिसर, इंदूर