‘फ्रोझन’ म्हणजे नेमके किती अंश?

महोदय,

गोठवलेले मांस ऑनलाइन मागवताना पडद्यावर काय काय दिसते! तुकड्यांचा आकार, हाडासकट की बिनहाडाचे, किती वाजता दारात येणार, वर एखादी पाककृतीसुद्धा. फक्त माल दारात येईल तेव्हा किती अंशांवर असेल, हे कुठेच लिहिलेले नसते. आणि गोठवलेल्या मालाचे सगळे बरेवाईट त्या एका आकड्यावर ठरते.

मुळात शब्दांतच घोळ आहे. ‘फ्रेश’, ‘चिल्ड’ आणि ‘फ्रोझन’ एकाच यादीत सुखाने नांदत असतात. चिल्ड म्हणजे ० ते ४ अंश सेल्सिअसवर ठेवलेले, मोजक्या दिवसांचे मांस. फ्रोझन म्हणजे गाभ्यापर्यंत उणे १८ किंवा त्याहून खाली नेलेले, महिन्यांच्या बोलीचे. या दोहोंमध्ये एक तिसरा प्रकार असतो, त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही: आधी गोठवलेले, मग वितळवून चिल्ड म्हणून विकलेले. ते थंडाव्यातच वितळवले असेल तर त्यात गैर काही नाही. पण ग्राहक ते ताजे समजून फ्रीजरमध्ये टाकतो आणि मांस दुसऱ्यांदा गोठते. ‘पूर्वी गोठवलेले’ हे दोन शब्द छापायला अशी किती जागा लागते?

उणे १८ हाच आकडा का, हे कळले की पुढचे सोपे आहे. मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते. त्यात क्षार विरघळलेले असल्याने ते शून्याला न गोठता उणे १ ते उणे २ च्या दरम्यान गोठू लागते आणि उणे ५ पर्यंत बहुतेक पाण्याचा बर्फ झालेला असतो. म्हणजे उणे ६ वरचे पाकीटही हाताला दगडासारखेच लागते. ‘कडक आहे ना, मग झाले’ ही दारातली परीक्षा म्हणूनच कुचकामी. जंतूंची वाढ उणे १०-१२ च्या खाली जवळजवळ थांबते, पण बहुतेक जंतू मरत नाहीत. मांस वितळले की पुन्हा कामाला लागतात. चरबी खवट होण्याची क्रिया तर त्याहीखाली चालूच राहते. उणे १८ ला ती इतकी मंदावते की महिन्यांचा हिशेब करता येतो.

गोठण्याचा वेगही तितकाच महत्त्वाचा. कारखान्यात उणे ३० ते उणे ४० अंशांच्या हवेच्या झोतात माल झपाट्याने गोठतो आणि बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. तोच माल वाटेत उणे ४-५ पर्यंत चढला आणि घरच्या फ्रीजरमध्ये सावकाश परत उतरला, की बारीक स्फटिकांचे मोठे स्फटिक होतात, मांसाच्या पेशी फाटतात, आणि वितळताना ताटलीत गुलाबी पाण्याचे तळे साचते. ते रक्त नव्हे, मायोग्लोबिन या रंगद्रव्याने रंगलेले पाणी आहे. पण जेवढे ताटलीत आले, तेवढा रस मांसातून गेला.

ही चढउतार बऱ्याचदा शेवटच्या खोक्यात होते, आणि तिथे सर्वांत मोठा गैरसमज आहे तो जेल पॅकचा. साध्या जेल पॅकमध्ये बहुतांशी पाणीच असते, ते ० अंशाच्या आसपास वितळते. वितळत असेपर्यंत तो आजूबाजूला साधारण ० अंश टिकवतो. चिल्ड मालाला हे अगदी योग्य. पण उणे १८ च्या मांसाशेजारी ० अंशाचा जेल पॅक म्हणजे ऊबच. अशा खोक्यात माल गोठलेला राहतो तो जेलमुळे कमी, स्वतःच्या थंडाव्यामुळे आणि थर्माकोलच्या जाडीमुळे जास्त. अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीला एवढे पुरते. रात्रभराच्या पार्सलला पुरत नाही. तिथे एकतर मिठाच्या द्रावणाच्या थंड पट्ट्या हव्यात (पाण्यात सुमारे २३ टक्के मीठ असले की ते उणे २१ ला गोठते) किंवा ड्राय आइस हवा.

ड्राय आइस म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांवर. तो वितळत नाही, थेट वायू होऊन उडतो, म्हणून खोके ओले होत नाही. साधारण २५ लिटरच्या थर्माकोलच्या खोक्यात दिवसाला सव्वादोन ते साडेचार किलो उडून जातो, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. भिंती पातळ असतील तर जास्तच. तो मालाच्या वर ठेवायचा, कारण थंड वायू खाली उतरतो. मध्ये पुठ्ठ्याचा थर हवा आणि उरलेली पोकळी कागदाने भरलेली हवी. अर्धे रिकामे खोके मात्र लवकर तापते. झाकण हवाबंद करायचे नाही: १ किलो ड्राय आइसपासून ५०० लिटरहून अधिक वायू तयार होतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. घरी उरलेले तुकडे उघड्या हाताने उचलू नयेत, बाटलीत कोंडू नयेत, मोरीत किंवा सिंकमध्ये टाकू नयेत. मोकळ्या हवेत, मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर खोके उघडे ठेवले की ते आपोआप नाहीसे होतात.

आता दारातली तपासणी. तिची तयारी ऑर्डर करण्याआधीच सुरू होते: फ्रीजरमध्ये जागा करून ठेवायची आणि जलद गोठवण्याचे बटण असेल तर ते काही तास आधी दाबायचे. खोके हातात आले की लगेच उघडावे, ‘मग बघू’ म्हणून ओट्यावर ठेवू नये. सळईचा थर्मामीटर, उणे अंश दाखवणारा, दोन पाकिटांच्या मध्ये घट्ट दाबून काटा किंवा आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. पाकिटाला भोक पाडू नये. दुरून लाल ठिपका मारणारा थर्मामीटर फक्त पृष्ठभाग मोजतो आणि चकचकीत वेष्टनावर चुकीचा आकडा दाखवतो, त्यावर भांडण मांडू नये. उणे १८ ते उणे १५ आले तर उत्तम. उणे १२ पर्यंत असेल तर थेट फ्रीजरमध्ये टाकावे. त्याहून चढलेला, पण आत अजून बर्फ असलेला माल पुन्हा गोठवणे धोक्याचे नाही. चव आणि रस मात्र उतरतो, म्हणून तो आधी संपवावा. पूर्ण मऊ झालेला, पण ४ अंशांच्या आत असलेला माल चिल्ड समजून एक-दोन दिवसांत शिजवावा. ५ अंशांच्या वर असेल आणि किती वेळ तसा होता ते सांगता येत नसेल, तर परत करावा. वासावर जाऊ नये. आजारी पाडणारे जंतू वास येण्याआधीच पुरेसे वाढलेले असू शकतात.

थर्मामीटर नसेल तर पिशवी बोलते. सुटे गोठवलेले तुकडे पिशवी हलवली की खड्यांसारखे खळखळले पाहिजेत. सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला असेल, तर माल मध्येच कुठेतरी सैल होऊन परत गोठला आहे. पिशवीच्या एका कोपऱ्यात गुलाबी बर्फाची वडी दिसली तर प्रश्नच मिटला: रस सुटला, खाली ओघळला आणि तिथेच गोठला. ही खूण तारखेच्या शिक्क्यापेक्षा खरी. आत थोडे हिम चालते, भुसभुशीत बर्फाचा थर चालत नाही. व्हॅक्यूमचे वेष्टन मांसाला चिकटलेले असावे, सैल झाले असेल तर कुठेतरी हवा शिरली आहे. तिथेच पुढे करडे-पांढरे, कोरडे डाग पडतात. बर्फ थेट वाफ होऊन उडाल्याने ते पडतात, अपायकारक नसतात, पण चव लाकडासारखी लागते. तेवढा भाग कापून टाकावा.

वजनाचीही एक गंमत आहे. कोळंबी आणि मासळीवर वाळू नये म्हणून बर्फाचा पातळ थर चढवतात. तो काढूनच निव्वळ वजन धरले पाहिजे. शंका असेल तर तुकडे गार पाण्याखाली थर जाईपर्यंतच धरावेत, टिपून लगेच तोलावेत. कोंबडीच्या बाबतीत घटकांची यादी वाचावी: नुसत्या चिकनच्या पाकिटावर पाणी, मीठ आणि फॉस्फेट लिहिलेले असेल तर द्रावण आत टोचलेले आहे, आणि त्या पाण्यालाही मांसाचाच भाव पडतो.

घरचा फ्रीजर उणे १८ चा आहेच, असे गृहीत धरू नये. कप्प्याच्या दारावर तारे असतात, ते वीज बचतीच्या ताऱ्यांपेक्षा वेगळे: एक तारा उणे ६, दोन उणे १२, तीन उणे १८. एका ताऱ्याच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवलेला माल आठवडाभर, दोन ताऱ्यांच्या कप्प्यात महिनाभर धरावा. खऱ्या उणे १८ ला कोंबडीचे तुकडे नऊ महिन्यांपर्यंत आणि अख्खी कोंबडी वर्षभर चांगली राहते. खिमा आणि कलेजी मात्र तीन-चार महिन्यांतच संपवावी. खिम्यात हवा लागणारा पृष्ठभाग फार, म्हणून चरबी लवकर खवटते. मोठा ठोकळा मागवण्यापेक्षा अर्ध्या किलोची चपटी पाकिटे मागवावीत. एकदा गोठलेला ठोकळा घरी फोडता येत नाही, सगळाच वितळवावा लागतो.

वितळवणे ओट्यावर नको, एवढे पाळले तरी पुष्कळ. गाभा बर्फ असतानाच बाहेरचा थर तासन् तास उबेत राहतो आणि जंतूंना तेवढेच हवे असते. फ्रीजच्या तळच्या कप्प्यात, ताटलीत ठेवावे; दोन-अडीच किलोला सुमारे २४ तास लागतात. घाई असेल तर हवाबंद पिशवी गार पाण्यात बुडवून दर ३० मिनिटांनी पाणी बदलावे, अर्ध्या किलोला तासाभरात होते. असे किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेले लगेच शिजवावे. न वितळवता थेट शिजवता येते, फक्त वेळ दीडपट धरावा आणि कोंबडीचा गाभा ७४ अंशांपर्यंत पोचला का ते पाहावे.

विक्रेत्यांकडून मागणे फार नाही. गोठवल्याची तारीख (पॅकिंगची तारीख वेगळी, ती वितळवून पुन्हा भरल्यावरही टाकता येते), बर्फाविना वजन आणि खोक्यात जेल आहे, मिठाची पट्टी आहे की ड्राय आइस, हे ऑर्डरच्या पानावर छापावे. लांबच्या पार्सलमध्ये उष्णता लागली की रंग बदलणारी आणि परत मूळ रंगावर न येणारी चकती चिकटवावी. लसीच्या कुपीवर अशी चकती वर्षानुवर्षे असते. मांसाच्या खोक्यावर ती लावायला तांत्रिक अडचण काहीच नाही.

— शीतसाखळीच्या कामातील एक वाचक