अण्णांच्या शिपमेट काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

अण्णा गेल्याचं कळलं तसे तुम्ही रात्रीच्या गाडीनं निघालात आणि तेराव्यापर्यंत आमच्याकडे राहिलात. आभार मानले तर तुम्ही रागावाल, ठाऊक आहे. तरी हे पत्र चारचौघांत लिहितेय, तुम्ही काय केलंत ते सगळ्यांना कळावं म्हणून.

नौदलाच्या नोंदीत आईचं नाव एक, आधार कार्डावर दुसरं. कुटुंब निवृत्तिवेतन तिथेच अडलं असतं. प्रतिज्ञापत्र, पीपीओची (निवृत्तिवेतनाच्या आदेशाची) प्रत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या खेपा, सगळं तुम्ही अंगावर घेतलंत. आईला एकदाही रांगेत उभं राहावं लागलं नाही.

पण माझ्या लेखी त्याहून मोठं काम वेगळंच आहे. अण्णा १९७१ च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर होते, एवढंच आम्हाला माहीत. जास्त विचारलं की म्हणायचे, "युद्ध वर झालं, आम्ही खाली बॉयलरपाशी." विषय तिथेच संपायचा.

ते 'खाली' म्हणजे काय, ते दहाव्याच्या रात्री तुम्ही सांगितलंत. चार बॉयलरांपैकी एक तडे गेल्यामुळे बंद. जहाजाचा वेग त्यामुळे घटलेला, आणि विमानं उडवायची तर वेगही हवा आणि विमान डेकवरून पुढे फेकणाऱ्या कॅटापल्टला वाफही हवी. सगळा भार उरलेल्या तिघांवर. ४ डिसेंबरला सी हॉक विमानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावकडे झेपावली, तेव्हा अण्णा घामानं निथळत दाबाच्या काट्यावर नजर ठेवून उभे होते. वरून दणका आला की बोट वर करायचे: गेलं एक! त्या दिवशी त्यांना ना आभाळ दिसलं, ना विमान.

अण्णा घरात एवढ्या मोठ्यानं का बोलायचे, तेही तेव्हा उमगलं. शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज भांडण. तुम्ही म्हणालात, बॉयलर रूममध्ये कानाशी ओरडावं लागायचं, नाहीतर हातानं खुणा. दुसऱ्या दिवशी जेवताना तुम्ही दोन बोटं चोळून मीठ मागितलंत. अगदी अण्णांची खूण. आईनं मान वर न करता मीठ पुढे सरकवलं, मग एकदम तुमच्याकडे पाहिलं. त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

निवृत्तीनंतरचे अण्णा आम्ही पाहिलेले. साखर कारखान्यात बॉयलरवरच नोकरी, गळीत हंगामात रात्रपाळ्या, आणि सकाळी घरी आल्यावर झोपायच्या आधी माझ्या वेण्या. दोरखंडासारख्या घट्ट घालायचे, संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही. त्याआधीचे अण्णा तुमच्यामुळे कळले. पगार हातात आला की आधी मनीऑर्डर, मग चहा. बंदरात उतरायची रजा मिळाली तरी पैसे वाचवायला जहाजावरच थांबायचे. ते पैसे दोन्ही आत्यांच्या लग्नासाठी होते, हे खुद्द आत्यांनाही ठाऊक नव्हतं. धाकटी आत्या ते ऐकून किती वेळ तुमचा हात धरून बसली होती!

पेन्शन मागच्या महिन्यापासून आईच्या खात्यात जमा होतेय. नौदल दिनाला तुम्ही इकडेच यायचं, असा तिचा निरोप आहे. अण्णांच्या ट्रंकेतला बॉयलर रूमच्या मंडळींचा फोटो काढून ठेवलाय. त्यातल्या प्रत्येकाचं नाव मागे लिहून घ्यायचंय, आणि ते सांगू शकणारे आता तुम्हीच आहात.

तुमची,
अण्णांची धाकटी