गण्या, चलानाला घाबरू नकोस

नाशिक,
रविवार दुपार

प्रिय गण्या,

परवा रात्री तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, गाडीवर चलानं निघालीत, आता पोलीस भरतीत कसं होणार म्हणून. इतका घाबरलेला तू दहावीच्या निकालालाही नव्हतास. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं हो हो करतोस आणि ठेवला की ग्राउंडवरच्या पोरांचंच ऐकतोस. म्हणून लिहून पाठवतोय. सावकाश वाच.

आधी चलानांचं. हेल्मेटचं चलान निघालं की चारित्र्य पडताळणीत पोरगा बाद, हे तुला कुणी सांगितलं? असं असतं तर नाशिकमधून एकही शिपाई भरती झाला नसता. 2021 च्या ऑगस्टमध्ये इथं ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू झालं होतं, तेव्हा पंपावर एकमेकांची हेल्मेटं मागून घेणारी पोरं आठव. त्यातली कितीतरी आज खाकीत असतील.

कॅमेऱ्यातून येणारं ई-चलान गाडीच्या नंबरावर पडतं, आणि तुझी गाडी नानांच्या नावावर आहे. म्हणजे कागदोपत्री इथल्या द्वारका चौकातून विनाहेल्मेट सुसाट गेले ते नाना! त्यांना हे सांगू नकोस. आपल्या राज्यात विनाहेल्मेटला पाचशे रुपये तडजोड शुल्क आहे. ते भरलंस की मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 प्रमाणे प्रकरण तिथंच मिटतं. त्यात कोर्ट नाही, खटला नाही, कुणी तुला दोषी ठरवत नाही. मात्र भर. थकवलेली चलानं पुढं कोर्टात जातात, नोटिसा घरी येतात, आणि उद्या वाहतूक शाखेत उभं राहून दुसऱ्याची पावती फाडायची स्वप्नं बघणाऱ्यानं स्वतःची बाकी ठेवणं मला तरी बरं दिसत नाही. महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाक, चलानाचा फोटो उघडून बघ. गाडी आपली नसेल तर तिथंच तक्रार टाक, आपली असेल तर पैसे भरून पावती जपून ठेव.

तू चालक शिपायाचाही फॉर्म भरणार म्हणालास. तिथं मात्र जरा जपून. त्या पदाला लायसन्स हीसुद्धा पात्रता आहे, आणि वर गाडी चालवून दाखवायची चाचणी. ट्रिपल सीटला हजार रुपये दंड सगळ्यांना माहीत असतो. त्याच कलमात, 194C मध्ये, लायसन्स तीन महिने अपात्र करण्याची तरतूद आहे हे कुणी वाचत नाही. हेल्मेटच्या 194D मध्येही तेच. नेमकी भरतीच्या वेळी लायसन्स निलंबित झाल्याची नोटीस आली तर गोळा कितीही लांब फेकलास तरी उपयोग नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचं म्हणशील तर ते चलानात मोडतच नाही. कलम 185, सरळ कोर्ट. तू पीत नाहीस, पण तुझी गाडी मागायला येणारा तो आपला दोस्त पितो. त्याला चावी देऊ नकोस.

आता खरं दुखणं. मेसेजमध्ये तू ते घाईघाईत उरकलंस, पण मला बाकी सगळ्यापेक्षा त्याचीच काळजी आहे. दिवाळीत पिंपळगावजवळ त्या सायकलवाल्या बाबांना तुझा धक्का लागला, हाताला मुका मार बसला, पोलीस ठाण्यात नेलं, नानांनी औषधपाण्याचे पैसे दिले आणि ‘मिटलं’. गण्या, काय मिटलं आणि कुठं मिटलं? नुसती डायरीत नोंद होऊन सोडून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. पण एफआयआर झाला असेल तर तो बाबांनी ‘माझी तक्रार नाही’ म्हटल्यानं संपत नाही. भरधाव, हयगयीनं गाडी चालवण्याचं कलम, आता भारतीय न्याय संहितेचं 281, जुनं 279, हे आपसात मिटवता येणाऱ्या कलमांत येतच नाही. दुखापतीचं मिटेल, हे उभंच राहतं. त्याचं दोषारोपपत्र कधी कोर्टात गेलं, ते माणसाला वर्षभर कळतही नाही.

आणि इथंच पोरं फसतात. आमच्या ऑफिसात, म्हणजे सीबीएस बसस्थानकाजवळ मी ज्या वकीलसाहेबांकडे काम शिकतोय तिथं, मागच्या महिन्यात एक पोरगा आला होता. निवड झालेली, पेढे वाटून झालेले, आणि खिशात खुलासा मागणारी नोटीस. त्यानं फाइलमधून एक कागद काढला. अर्ध्या पानाचा आदेश, मागं दंडाची पावती टाचलेली. ‘आरोपीने गुन्हा कबूल केला. न्यायालय उठेपर्यंत कैद व दंड.’ अशाच एका मोटरसायकलच्या धडकेचं प्रकरण. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, कबूल करून टाक, दंड भर, संध्याकाळपर्यंत मोकळा. संध्याकाळपर्यंत कोर्टातल्या बाकावर बसून तो खरंच मोकळा झाला, चलान भरल्यासारखा. पुढं साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीसाठी स्वतःची माहिती लिहून द्यायच्या फॉर्मात, ‘तुम्हाला कधी न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय’ या रकान्यापुढं त्यानं बिनधास्त ‘नाही’ लिहिलं. तो खोटं बोलत नव्हता रे, त्याला खरंच वाटत होतं की आपण फक्त दंड भरला. पण कोर्टात कबुली देऊन भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. रक्कम हजार असो की शंभर.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. ते गप्प बसले की मी समजतो, प्रकरण अवघड आहे. त्याचं उत्तर आम्ही तयार करून दिलंय, बघू.

तो नमुना तू भरशील तेव्हा नीट वाच. अटक झाली होती का, खटला चालला का, दंड झाला का, दोषी ठरलात का, काही प्रलंबित आहे का, प्रत्येक प्रश्न वेगळा आहे. ठाण्यात अटक दाखवून लगेच जामिनावर सोडलं असेल तरी ती अटकच. ‘पाच मिनिटांत सोडलं, त्यात काय सांगायचं’ हे तिथं चालत नाही.

मग खरं लिहिलं की नोकरी जाते का? तसंही नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग खटल्यातला निकाल साहेब पोरांना वाचायलाच लावतात. त्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलंय की माहिती खरी दिली पाहिजे, आणि किरकोळ स्वरूपाचं प्रकरण असेल तर ते पोटात घालायचं की नाही हे नेमणूक करणाऱ्यानं परिस्थिती बघून ठरवावं. त्याआधी 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात तर मारामारीची केस लपवलेल्या उमेदवारालाही कोर्टानं सांभाळून घेतलं होतं, तरुण वयातली चूक म्हणून. पण त्या निकालाच्या जिवावर लपवायला जाऊ नकोस. 2013 मध्ये त्याच कोर्टानं हेही म्हटलंय की निर्दोष सुटलात म्हणून पोलिसातली नोकरी हक्कानं मिळेलच असं नाही. एकूण काय, नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात बरंच असतं. सायकलला लागलेला धक्का तो सोडून देईलही. लपवलंस तर मात्र प्रश्न धक्क्याचा राहत नाही, तुझ्या शब्दाचा होतो.

तेव्हा एवढं कर. पोलिसांच्या संकेतस्थळावर त्या ठाण्याचे दिवाळीच्या आठवड्यातले एफआयआर शोध. नंतर ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर त्या ठाण्याच्या हद्दीतल्या कोर्टात तुझ्या नावानं काही दिसतंय का बघ, स्पेलिंग उलटसुलट करून. काही निघालं तर कुणाच्याही सांगण्यावरून कबुली द्यायला जाऊ नकोस, लोकअदालतीतसुद्धा नाही. बाबा खरंच तयार असतील तर संमतीनं गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाची वाट आहे. खर्च आहे, पण साहेबांशी मी बोलेन. नाहीतर केस लढवायची. नाना ‘कशाला कोर्टकचेरी’ म्हणतील, त्यांना मी समजावतो, माझं ते ऐकतात.

शहरात अर्ज करायचा की ग्रामीणला, ते लवकर ठरव. एका पदाला एकाच ठिकाणी अर्ज चालतो. माझं विचारशील तर ग्रामीण. सोळाशे मीटरचे वीस गुण तुझे घरचेच आहेत, शंभर मीटरला मात्र तू सुटतोस उशिरा. इथं आलास की पहाटे गोल्फ क्लब मैदानावर जाऊ, तिथं स्टार्ट शिकवणारा एक जण ओळखीचा झालाय.

शनिवारी ये. चलानांच्या पावत्या, लायसन्स आणि ठाण्यातून मिळालेला असेल नसेल तो प्रत्येक कागद घेऊन ये. मोबाइलवरचे फोटो नकोत, कागद. एसटीनं ये, गाडी घरीच राहू दे.

नानांना, काकूंना नमस्कार. ताईच्या पिल्लाला पापा.

तुझाच,
विन्या