चुकीचे माहितीपत्रक आणि सदोष हायड्रोमीटर यांबाबत तक्रार

दिनांक : १४ मे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'पहिले सागरी मत्स्यालय – संपूर्ण संच' यातील चुकीची सूचना व सदोष हायड्रोमीटर (पाण्याचा खारेपणा मापायचे उपकरण)

महोदय,

२४ फेब्रुवारीला मी आपल्याकडून वरील संच मागवला. पावतीची प्रत सोबत आहे. टाकी मी इथेच नागपुरात करून घेतली, तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. वाळू-दगड जाऊन पाणी साधारण १७० लिटर बसते. फोनवर आपल्या सल्लागारांनी मला तीनच प्रश्न विचारले होते : टाकी केवढी, मासे किती, बजेट किती. टाकी कोणत्या गावात ठेवणार, हे काही त्यांनी विचारले नाही.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारे यंत्र) उत्तम आहे. पहिले दहा दिवस नुसताच घरघरला, मग त्याच्या कपात असा काळा, घाणेरडा द्रव जमू लागला की सौ.ने तो कप स्वयंपाकघरात धुवायला बंदी घातली. पाणी हलते ठेवणारे दोन्ही वेव्हमेकर, दिवा, वाळू, कशाबद्दलही तक्रार नाही. मी घाईही केलेली नाही. ८ मार्चला पाणी भरले, माशांना विषारी असलेले अमोनिया आणि मग नायट्राइट शून्यावर येईपर्यंत सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसलो आणि १९ एप्रिलला क्लाउनफिशची जोडी आणली.

आता मूळ मुद्दा. संचात तापमान राखण्यासाठी फक्त ३०० वॅटचा हीटर आहे. इथल्या डिसेंबरच्या रात्रींना तो लागेल, म्हणून तो मी परत करत नाही. पण हीटर पाणी गार करत नाही. मे २०१३ मध्ये ज्या गावात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्या गावच्या ग्राहकाला 'संपूर्ण संच' विकताना चिलरचा साधा उल्लेखही नसावा? मी मासेवाल्याला सांगितले तर तो म्हणाला, "बाप्पा! हीटर पाठवला? इथे तर चिलर लागते नं भाऊ."

२२ एप्रिलला पाणी ३२ अंशांवर गेले. मी काचेचे झाकण काढून पाण्यावर पंखा लावला. पाणी २९ वर आले, पण इथली हवा कोरडी, त्यामुळे रोज तीनेक लिटर पाणी उडू लागले. तोपर्यंत झाकणामुळे पाणी भरण्याची वेळच आली नव्हती. आपले माहितीपत्रक काढून पाहिले. पान ४ वर छापले आहे : 'पाण्याची पातळी कमी झाल्यास तयार मिठाचे पाणी घालून पूर्ववत करावी.' मी अगदी तसेच केले.

महोदय, उडते ते पाणी, मीठ टाकीतच राहते. उडालेल्याच्या जागी साधे आरओचे पाणी घालायचे असते. मिठाचे पाणी लागते ते टाकीतले पाणी बदलताना. या दोन गोष्टींची आपल्याकडे कुणीतरी सरमिसळ केलेली दिसते. बारा दिवसांत मी ३६ लिटर मिठाचे पाणी ओतले. लिटरला ३५ ग्रॅम धरले तरी टाकीत सव्वा किलोहून जास्त मीठ वाढले.

हे लक्षात का आले नाही? तर आपला हायड्रोमीटर. मी रोज सकाळी मापत होतो, सुईवरचे बुडबुडे टिचकी मारून घालवत होतो, आणि सुई रोज १.०२५, म्हणजे हवी तीच घनता, दाखवत होती. ५ मे रोजी जोडीतला एक मासा मेला. त्या संध्याकाळी ओळखीच्या एकाने त्याचा रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मापायचे अधिक अचूक उपकरण) आणला, समुद्राइतक्या, म्हणजे हजारी ३५ क्षारतेच्या प्रमाण द्रावणावर आधी नीट जुळवून घेतला आणि टाकीचे पाणी मापले. क्षारता हजारी ४२ भरली, म्हणजे घनता १.०३० च्याही वर. मग आपला हायड्रोमीटर निव्वळ आरओच्या पाण्यात बुडवला. सुई तळाशी जायला हवी होती, ती १.०१२ वर अडकली. व्हिडिओ जोडला आहे.

पुढचे पाच दिवस रोज सहा लिटर खारे पाणी काढून तेवढेच आरओचे पाणी हळूहळू घातले. दुसरा मासा जगला आहे, खातो आहे, पण वेव्हमेकरमागून फारसा बाहेर येत नाही.

६ मे रोजी फोन केला तर "मासा आधीच आजारी असेल" असे उत्तर मिळाले. आमच्या बोलण्यात हायड्रोमीटरचा विषय निघायच्या आतच. ७ मे रोजी ईमेल केला, त्याची पोचही आली नाही. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे.

माझ्या मागण्या अशा : हायड्रोमीटरची आणि वाया गेलेल्या मिठाच्या एका बादलीची किंमत परत द्यावी. पान ४ वरील सूचना दुरुस्त करावी आणि ज्यांना ज्यांना हे पत्रक गेले आहे त्या सगळ्यांना तसे कळवावे. त्यांच्यातला कुणीतरी आज विदर्भातच कुठे मिठाचे पाणी ओतत असेल. शिवाय विक्रीच्या पानावर हा संच पाणी गार करत नाही हे स्पष्ट लिहावे. मेलेल्या माशाचे पैसे मागावेत की नाही, यावर घरात दोन मते आहेत, म्हणून तूर्त मागत नाही.

७ जूनपर्यंत उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, त्यासाठी मला आपल्या शहरात येण्याची गरज नाही.

हायड्रोमीटर तपासायला हवा असेल तर खोक्यात भरून तयार ठेवला आहे. कुरिअरवाल्याला मात्र सकाळी अकराच्या आत पाठवा, त्यानंतर आमच्या गल्लीत कुणी दार उघडत नाही.

आपला ग्राहक,
प्रतापनगर, नागपूर

सोबत : पावतीची प्रत, माहितीपत्रकाच्या पान ४ चे छायाचित्र, व्हिडिओ