आई-बाबा, खालचं घर घेतलंय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर रोजच बोलतो आपण, पण बाबा "पाणी आलं का, गाडी वेळेवर होती का" एवढं विचारून फोन आईकडे देतात, आई जेवलास का विचारते, मग छोटी फोन ओढून घेते आणि मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. गेले पंधरा दिवस हेच चाललंय. म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढू, ताईच्या मोबाईलवर पाठवतोय, ती अक्षर मोठं करून देईल.

पहिलं म्हणजे बाबा, पाणी येतंय. पहाटे पावणेसहाला नळ फुरफुरतो आणि मी आपोआप उठतो, गजर लावावाच लागत नाही आता. आधी पिण्याचं मग पिंप मग बादल्या, आईने लावलेला क्रम तसाच आहे. तिसऱ्या मजल्यावर धार बारीकच लागते, सव्वासहाला तर करंगळीएवढी होते, पण होऊन जातं. नंतर डबा, छोटीची वेणी (ती आता मी घालतो, सुरुवातीला वाकडी व्हायची), आणि सात एक्कावन्नची लोकल.

आई, गाडीचं तू रोज विचारत नाहीस पण तुझ्या मनात ते असतं हे मला माहितीये. ९ जूनला सकाळी दिवा-मुंब्र्याच्या मधे गाडीतून माणसं पडली, चार तर त्याच दिवशी गेली, तेव्हा तुझे अकरा मिसकॉल होते आणि मी मागच्या गाडीत अडकलेलो, रेंज नव्हती. तेव्हापासून मी दाराशी उभा राहत नाही. खरंच राहत नाही. पूर्वी आठ बाराची फास्ट पकडायचो, आता वीस मिनिटं आधी निघतो आणि इथूनच, डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीला जातो, कधी तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते कधी उभं राहावं लागतं पण आत पॅसेजमधे. बाबांनी एकतीस वर्षं हा प्रवास केला आणि घरी आल्यावर कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही. लहानपणी मला वाटायचं बाबा संध्याकाळी गप्प का असतात. आता ठाण्याच्या पुढे गाडी थोडी रिकामी झाली की मला ते कळतं, खांदे सैल सोडून माणूस नुसता बसून राहतो, बोलावंसंच वाटत नाही कोणाशी.

गावात काय नवीन म्हणाल तर मोठागावचा पूल. गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ ला, माणकोलीकडे जाणारा पूल चालू झाला तेव्हा तुम्ही इथेच होतात पण बाबांना गुडघ्यामुळे नेता आलं नव्हतं. परवा रविवारी आम्ही तिघं गेलो, खाली उल्हास नदीची खाडी पसरलेली, वारा इतका की छोटीची टोपी उडाली. ठाण्याला जायला शिळफाट्याचा वळसा नाही की कल्याणच्या ट्रॅफिकमधे अडकणं नाही. बाबा, तुम्ही म्हणायचात ना की डोंबिवलीला एकच रस्ता आहे आणि तो रुळावरून जातो, तर आता दुसरा झालाय. कोपरचा पूल २०१९ ला बंद केला तेव्हाचं आठवतं का, दोन वर्षं पूर्वेला जायचं म्हणजे ठाकुर्लीवरून फिरून जायचं, आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेताना रिक्षावाला अर्धा तास कुरकुरत होता.

भागशाळा मैदानावर तुमचा कट्टा अजून बसतो. चौघंच उरलेत, तुमची जागा मोकळी ठेवतात, मी जाता-येता दिसलो की "गुडघा काय म्हणतो" विचारतात. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली, नेहमीसारखंच काही ठरलं नाही.

आता मुद्द्याचं.

मागच्या महिन्यात मी आपला जिना मोजला. चोपन्न पायऱ्या आहेत. इतकी वर्षं चढलो-उतरलो पण मोजल्या नव्हत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याचा एक हातभर तुकडा आहे ना, तिथला रंग पूर्ण गेलाय आणि लाकूड गुळगुळीत झालंय, बाकी कठडा खरखरीत आहे. मी हात ठेवून बघितला तेव्हा लक्षात आलं की बाबा भाजीची पिशवी खाली ठेवून तिथेच थांबायचे. मी वरून "आले का बाबा" विचारायचो आणि तुम्ही "आलो आलो, चप्पल नीट करतोय" म्हणायचात. चप्पल नाही बाबा, तुम्हाला दम लागायचा. किती वर्षं लागत होता ते तुम्हीच जाणे. मला तेव्हा समजायला हवं होतं.

ऑपरेशन झाल्यावर तुम्ही ताईकडे गेलात, चार महिने झाले. दिवाळीला घरी यायचं म्हणताय आणि दर वेळी मी "बघू, डॉक्टरांना विचारू" म्हणतोय. डॉक्टरांनी जिना हळूहळू चढायला हरकत नाही असं केव्हाच सांगितलंय, ताई बोलली मला. टाळत होतो तो मीच. कारण एकदा तुम्ही वर चढलात की परत खाली उतरणार नाही हे मला दिसत होतं. मैदान नाही, मंडई नाही, खिडकीत बसून राहाल दोघं.

तर आपल्या तळमजल्यावरचे काका-काकू मुलाकडे बंगळुरूला गेलेत कायमचे, त्यांचं घर भाड्याने द्यायचं होतं. मी घेतलंय. काल चावी मिळाली. भाडं किती ते विचारू नका, आम्ही दोघांनी हिशोब करूनच ठरवलंय, ठाण्याला फ्लॅट बघत होतो ते आता बघत नाही. सूनबाईनेच आधी विषय काढला, हे मुद्दाम सांगतोय. तुम्ही खाली, आम्ही वर. जेवण एकत्र, छोटी शाळेतून आली की आधी खालीच थांबेल.

आई, तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. "तळमजला नको, सव्वीस जुलै विसरलास का." नाही विसरलो. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, आपल्या गल्लीत कमरेएवढं पाणी, बाबा दादरला अडकलेले, आणि तू काकूंना, आजोबांना, त्यांच्या कुकरला आणि देवांना सगळ्यांना वर आणलं होतंस. तीन दिवस आपल्याकडे नऊ माणसं होती. तू गाद्या आडव्या घालून सगळ्यांना झोपवलंस आणि स्वतः ओट्याला टेकून बसलेलीस, तो चेहरा डोळ्यासमोर आहे माझ्या. म्हणून यंदा सगळा पावसाळा मी लक्ष ठेवून होतो. १९ ऑगस्टला सीएसएमटी ते ठाणे गाड्या बंद पडल्या, मी ऑफिसमधे अडकलो तेव्हा सूनबाईला फोन करून विचारलं की पाणी कुठवर आलंय, तिने फोटो पाठवला, पहिल्या पायरीला लागलं होतं आणि तीन तासांत उतरलं. घराचा उंबरा चार पायऱ्या वर आहे. आणि त्यापेक्षा वाढलंच तर वर आपलं घर आहेच ना, मी आहे, उचलून नेईन दोघांना. नुसतं बोलत नाहीये, बाबांचं वजन माहितीये मला.

घर चांगलं आहे आई. स्वयंपाकघरात उजेड आहे, नळाला मस्त जोर आहे, बादली दोन मिनिटांत भरते. गॅलरी मागच्या बाजूला आहे, पारिजातकाच्या खालीच, सकाळी फरशीवर सडा पडलेला असतो, देवाला फुलं वेचायला तुला चप्पलसुद्धा घालावी लागणार नाही. बाथरूममधे दोन ठिकाणी हँडल बसवून घेतोय, कमोडच्या बाजूला एक आणि दाराशी एक. बाबांच्या खुर्चीसाठी गॅलरीतली कुंडी हलवलीय.

धनत्रयोदशी शनिवारी आहे, १८ तारखेला. मी सकाळी लवकर गाडी घेऊन पुण्याला येतो, दुपारी जेवून निघू, अंधार पडायच्या आत घरी. नरकचतुर्दशीला पहाटे फडके रोडला जाऊ, गणपतीच्या देवळापर्यंत रिक्षाने आणि मग जमेल तेवढं चालत. ती तरुण पोरांची गर्दी बाबांना आवडते, तुम्ही नाही म्हणालात तरी मला माहितीये, गेल्या वर्षी टीव्हीवर दाखवलं तेव्हा उठून जवळ जाऊन बघत होतात.

आई, एकच काम कर. ताईच्या ओट्यासमोर उभी राहा आणि तिला टेपने मोजायला सांग की पोळ्या लाटताना तुला किती उंची बरी पडते. इथला ओटा काकूंच्या उंचीचा आहे, तुला उंच पडेल. सुतार बुधवारी येतोय, त्याच्या आत माप पाठव.

तुमचा
बंड्या