विषय : ७ नंबरची सायकल, कुणी न वाचलेली चिठ्ठी आणि अडवलेले पैसे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
इनडोअर सायकलिंग विभाग, राजारामपुरी शाखा, कोल्हापूर

महोदय,

तीन महिन्यांचे ४,८०० रुपये भरून आपल्या सायकलिंग क्लासला नाव घातलं. फॉर्मवर दुखापतीचा रकाना आहे. त्यात ‘उजवा गुडघा, लिगामेंटचं ऑपरेशन, पाच महिने’ असं लिहून फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी जोडली होती : बसूनच पेडल मारायचं, रेझिस्टन्स हलका, २० मिनिटं, उभं राहून स्प्रिंट नाही. ती चिठ्ठी काउंटरच्या फाईलमध्येच राहिली. ट्रेनरनं ती पाहिलेलीच नव्हती.

सगळ्यात आधी ७ नंबरच्या सायकलबद्दल. सीटचा दांडा ज्या पिनवर अडकतो, तिचं टोक झिजलंय आणि दांड्याची भोकं लांबट झालीत. सीट ८ च्या खुणेवर लावून मूठ घट्ट आवळली, तरी दहा मिनिटांत ती ६ वर आली. दोन भोकांनी काय होतंय, असं काउंटरवर ऐकायला मिळालं. होतं ते असं : पेडल तळाला असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. सीट खाली घसरली की पेडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. सीट जास्त उंच असेल तर कंबर दोन्हीकडे डुलते आणि गुडघ्यामागच्या शिरा ताणतात. धडधाकट गुडघा हे खपवून घेतो. ऑपरेशन झालेला रात्रीपर्यंत सुजतो, आणि तो सुजलाच.

या सायकलींना फ्रीव्हील नसतं. पाय थांबवले तरी जड चाक पेडल फिरवत राहतं आणि पाय त्याबरोबर ओढले जातात. थांबायचं तर रेझिस्टन्सची मूठ खाली दाबायची, तोच ब्रेक. नव्या माणसाला हे पेडलवर पाय ठेवण्याआधी करून दाखवायला हवं. ते दाखवलं नाही. शिवाय ७ नंबरवर मूठ दाबली तर नुसती किरकिर ऐकू येते, चाक थांबत नाही, कारण ब्रेकचा पॅड गुळगुळीत झालाय. डाव्या पेडलचा पट्टा तुटलाय, त्याजागी बुटाची नाडी बांधलीय. नाडी सैल होऊन बूट निसटला, तर फिरतं पेडल थेट नडगीवर बसतं.

शेवटची दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहून मारायची, आणि जो बसलेला दिसेल त्याला ट्रेनर माईकवरून टोकणार! आपल्या कोल्हापुरात तालमीतला वस्तादसुद्धा लंगडणाऱ्या पोराला आधी बाजूला घेऊन पाय बघतो, मग बैठकांचं बोलतो. तिथं एसी आणि निळे दिवे नसतात, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी पैसे परत मागितले, तर ‘पॅकेज परत होत नाही, बॅच बदलून घ्या’ असं उत्तर मिळालं. बॅच बदलून सायकल बदलत नाही. पावतीवर परताव्याबद्दल एक अक्षरही नाही. पावतीत मुदत नसेल आणि सदोष सेवेचे पैसे ३० दिवसांत परत दिले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार ती अनुचित व्यापार प्रथा ठरते.

तरी एका क्लासचे पैसे कापून बाकी रक्कम परत करावी. पिन, पॅड आणि पट्टा बदलेपर्यंत ७ नंबर हॉलमधून बाहेर काढावी. दुखापतीचा रकाना भरलेला फॉर्म क्लासआधी ट्रेनरच्या हातात जावा आणि सीटची उंची त्यानं स्वतः तपासावी, याला पाच मिनिटंही लागत नाहीत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

पावती, फॉर्म आणि चिठ्ठीची प्रत, तसंच पिन, पॅड आणि त्या नाडीचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
सकाळच्या बॅचचा एक सभासद